दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावर आई-वडिलांसह आठ दिवस: अमाल्फीऐवजी पुलियाला का जावे?

तुम्ही विचारले आहे की सप्टेंबरअखेरीस सत्तरीच्या घरातल्या, शाकाहारी आई-वडिलांना घेऊन आठ दिवस दक्षिण इटलीच्या समुद्रकिनारी जायचे आहे, सगळेजण अमाल्फीचे नाव घेत आहेत, तर नेमके काय पाहावे. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे बोलोन्यात राहते. दक्षिणेकडे मी अनेकदा गेले आहे आणि एकदा माझ्या आईलाही याच दिवसांत घेऊन गेले होते. त्या अनुभवावरून माझे मत स्पष्ट आहे: अमाल्फी पुढच्या खेपेसाठी ठेवा आणि या वेळी पुलियाला जा.

अमाल्फीच्या सौंदर्याविषयी वाद नाही, परंतु तिथली गावे डोंगराच्या कड्यावर वसलेली आहेत. पोझितानोसारख्या गावात खोलीपासून समुद्रापर्यंत जायचे तरी शेकडो पायऱ्या उतराव्या लागतात आणि संध्याकाळी तितक्याच चढाव्या लागतात. पुलिया म्हणजे इटलीच्या बुटाची टाच. एका अंगाला एड्रियाटिक समुद्र, दुसऱ्या अंगाला आयोनियन, आणि मधे बहुतांशी सपाट, चुनखडीची जमीन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

ही चुनखडी नीट पाहिली की पुलियातले बाकीचे पुष्कळसे आपोआप उलगडते. पावसाचे पाणी या खडकातून झिरपून खाली निघून जाते, त्यामुळे पुलियाची राजधानी असलेल्या बारीच्या दक्षिणेला नाव घेण्याजोगी नदीच नाही. शेजारच्या काम्पानिया प्रांतातल्या सेले नदीच्या उगमाचे पाणी डोंगर पोखरून काढलेल्या कालव्याने बारी शहरात पोहोचले ते 1915 साली. त्याआधी पिढ्यानपिढ्या लोकांनी छपरावर पडलेला पाऊस टाक्यांत साठवून दिवस काढले. दगड भरपूर आणि पाणी दुर्मीळ, अशा मुलखातल्या माणसांनी काय उभे केले, ते पाहण्यासाठी पुलियाला जायचे.

मुक्कामाची ठिकाणे दोनच ठेवा. रोज सामान बांधण्यात वयस्कर माणसांचा सारा उत्साह संपतो. पहिले चार दिवस मोनोपोलीत राहावे. हे मासेमारीचे जुने बंदर आहे, निळ्या रंगाच्या लाकडी होड्या अजूनही धक्क्याला लागतात आणि जुन्या गावातून समुद्राच्या तटबंदीवर पाच मिनिटांत चालत जाता येते. जवळचे पोलिन्यानो आ मारे हे कड्यावर वसलेले गाव छायाचित्रांमुळे अधिक प्रसिद्ध आहे. दोन कड्यांच्या बेचक्यातला तिथला गोट्यांचा लहानसा किनारा खरोखर देखणा आहे, परंतु दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून सकाळी लवकर जाऊन न्याहारीपर्यंत परत यावे.

आल्बेरोबेल्लो चुकवू नका. चुन्याचा वा मातीचा गिलावा न वापरता, नुसते दगडावर दगड रचून उभारलेली शंकूच्या आकाराच्या छपरांची ही घरे ‘त्रुल्ली’ म्हणून ओळखली जातात. एकट्या या गावात ती सुमारे दीड हजार आहेत आणि 1996 पासून हे गाव जागतिक वारशाच्या यादीत आहे. सांगितले जाते ते असे की नवी वस्ती वसवली की नेपल्सच्या राजाला कर भरावा लागे. तो चुकवण्यासाठी इथल्या जमीनदार सरदाराने कुळांना सांधा न भरता घरे बांधायला लावली, म्हणजे तपासणीची वर्दी येताच ती पाडून टाकता येत. 1797 मध्ये राजाने गावाला सरदाराच्या अमलातून मोकळे केले. गावाच्या दोन भागांपैकी रिओने मोंती दुकानांनी भरून गेला आहे. मला आया पिक्कोला हा शांत भाग आवडतो, कारण तिथे लोक अजून राहतात. एखादे घर आतून पाहता आले तर अवश्य पाहा. बाहेर कडक ऊन असताना आत पाऊल टाकले की त्या जाड भिंतींतला गारवा अंगाला जाणवतो. वर पाहिले तर दगडांची वर्तुळे एकेक करून लहान होत शेंड्याला मिळालेली दिसतात. छपरावरचे पाणी भिंतीतल्या पन्हळीतून घराखालच्या टाकीत उतरते. आई त्या टाकीच्या तोंडाशी बराच वेळ उभी होती. तिचे बालपण दुष्काळी भागात गेले आहे, त्यामुळे तिला मी वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

बारीतली एक सकाळ जुन्या शहरासाठी ठेवा. सेंट निकोलसच्या अस्थी 1087 साली बारीच्या खलाशांनी आजच्या तुर्कस्तानातून इथे आणल्या. त्यांच्यासाठी बांधलेल्या चर्चमध्ये आजही ऑर्थोडॉक्स पंथाचे भाविक मोठ्या संख्येने येतात. तिथून जवळच्या एका बोळात बायका दारात टेबले मांडून ओरेक्किएत्ते, म्हणजे ‘छोटे कान’, करत बसलेल्या असतात. जाडसर गव्हाच्या रव्याची वळकटी, तिचा हरभऱ्याएवढा तुकडा, बोथट सुरीने तो पाटावर ओढला की कुरळा होतो आणि अंगठ्यावर उलटवला की त्याचा कान होतो. ज्यांनी घरात गव्हल्या आणि मालत्या होताना पाहिल्या आहेत, त्यांना या हातांची लय ओळखीची वाटेल. पिठात अंडे नसते, हे तुमच्या दृष्टीने महत्त्वाचे.

जेवणाविषयी तुम्ही काळजी व्यक्त केली आहे, पण इटलीत शाकाहारी माणसाला इतके सोयीचे प्रांत फार थोडे आहेत. वालासारख्या दिसणाऱ्या सुक्या दाण्यांचे गरगट आणि त्याच्या शेजारी कडसर चिकोरीची पालेभाजी, वरून ऑलिव्हचे तेल, हे इथले रोजचे जेवण. दुसऱ्या मुक्कामाच्या लेच्चे शहरात ‘चिचेरी ए त्रिया’ मागवा: काबुली चण्यांत शिजवलेल्या पास्त्याच्या पट्ट्या आणि त्यांतल्याच काही तळून वर घातलेल्या. पहिला घास घेताच आई म्हणाली, “अगं, ही तर वरणफळं!” सावध राहायचे ते एकाच ठिकाणी. ओरेक्किएत्ते ज्या हिरव्या भाजीबरोबर देतात, तिच्यात पुष्कळदा खारवलेला लहान मासा तेलात विरघळवलेला असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘सेन्त्सा अच्चूगे’, म्हणजे तो मासा नको, असे आधीच सांगावे. चीजसाठी दूध घट्ट करायला पुष्कळदा प्राण्यांचे रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातला पदार्थ, वापरलेले असते. ते आई-वडिलांना चालणार नसेल तर तेही विचारून घ्यावे.

पुढचे चार दिवस लेच्चेत राहावे. इथला दगड मधाच्या रंगाचा आणि खाणीतून काढताना इतका मऊ असतो की कारागिरांना त्यावर लाकडासारखे कोरीवकाम करता आले; पुढे हवा लागून तो टणक होतो. सांता क्रोचे चर्चचा दर्शनी भाग पूर्ण व्हायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. पाने, फळे, प्राणी, भार पेलणाऱ्या मानवी आकृती असे इतके काही त्यावर आहे की समोर बसूनच ते पाहावे, आणि दिवस मावळायच्या सुमारास पाहावे. शहरात कागदाच्या लगद्यापासून संतांच्या मूर्ती घडवणारे कारागीरही आहेत. लगद्याच्या गणपतींची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना त्यांचे काम पाहताना वेगळाच आनंद होतो.

तरीही सगळ्या पुलियात एकच जागा निवडायची झाली तर मी ओत्रान्तोचे कॅथेड्रल निवडेन. आत गेल्यावर छताकडे नव्हे, पायाखाली पाहा. पान्तालेओने नावाच्या साधूच्या देखरेखीखाली 1163 ते 1165 या काळात घडवलेली रंगीत दगडी तुकड्यांची फरसबंदी मधल्या संपूर्ण दालनभर पसरली आहे. दारापासून वेदीच्या दिशेने एक अवाढव्य वृक्ष वाढत जातो आणि त्याचे खोड पेलले आहे दोन हत्तींनी! फांद्यांमधून नोहाचे जहाज, सिकंदर, राजा आर्थर, आणि बारा महिन्यांची बारा वर्तुळे, ज्यांत त्या त्या महिन्याची रास आणि शेतातले काम दाखवले आहे. 1480 मध्ये ऑटोमन सैन्याने हे शहर जिंकले, तेव्हा मारल्या गेलेल्या सुमारे आठशे नागरिकांच्या अस्थी बाजूच्या प्रार्थनागृहात काचेमागे ठेवल्या आहेत. ते दृश्य अंगावर येते, म्हणून आई-वडिलांना आधी कल्पना द्या. ओत्रान्तोच्या थोडे दक्षिणेला इटलीचे सर्वांत पूर्वेचे टोक आहे. हवा स्वच्छ असेल तर तिथून समुद्रापलीकडे अल्बेनियाचे डोंगर दिसतात.

लेच्चेच्या आसपास फिरताना रस्त्याच्या कडेला राखाडी पडलेल्या, वाळलेल्या ऑलिव्हच्या बागा मैलोन्‌मैल दिसतील. झायलेला नावाच्या जिवाणूने झाडांच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पाडल्या. 2013 मध्ये रोगाचे निदान झाले, तोवर तो रस शोषणाऱ्या किड्यांमार्फत पसरला होता आणि पुढे लाखो झाडे गेली. शेकडो वर्षांची झाडे अशी उभ्या उभ्या वठलेली पाहून मला फार वाईट वाटते. म्हणूनच ओस्तुनी या चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्याशुभ्र गावाखालच्या मैदानातले पुरातन, पीळदार बुंध्यांचे ऑलिव्ह आवर्जून पाहा. गाव चढावर आहे, परंतु हे मैदान सपाट आहे.

एखादा दिवस हाताशी राहिला तर तारान्तो. तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयातले ग्रीककालीन सोन्याचे दागिने अतिशय नाजूक आहेत. सप्टेंबर 1943 मध्ये आठवी भारतीय डिव्हिजन याच बंदरात उतरली होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. याच बटालियनच्या नामदेव जाधवांना एप्रिल 1945 मधल्या उत्तर इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या धक्क्यावर उभे राहिल्यावर मला हे आठवल्यावाचून राहिले नाही.

प्रवासाचे म्हणाल तर रोमहून बारीला थेट वेगवान गाडीने साधारण चार तासांत पोहोचता येते आणि बारी ते लेच्चे हा मार्गही सोयीचा आहे. आतल्या गावांना जाणाऱ्या गाड्या रविवारी फारच कमी असतात, म्हणून मधले तीन-चार दिवस मोटार भाड्याने घ्यावी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या गावांच्या वेशीवर बाहेरच्या वाहनांना मज्जाव करणारी लाल वर्तुळाची पाटी असते. एका गावात माझ्याकडून ती नजरेआड झाली आणि कित्येक महिन्यांनी दंडाची नोटीस घरी आली. दुपारी एकपासून साधारण चारपर्यंत दुकाने आणि पुष्कळशी चर्चही बंद असतात, आणि रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आत बहुधा मिळत नाही. आई-वडिलांना लवकर जेवायची सवय असेल तर स्वयंपाकघर असलेले घर घ्या. ते पायऱ्या किती चढू शकतात हे कळवलेत, तर मोनोपोली आणि लेच्चेतल्या कोणत्या भागात राहावे तेही लिहीन.