गॅस गीझरचा स्विच बदलावा की गीझरच बदलावा?

कोथरूडमधील एका निवृत्त शिक्षिकांनी विचारले आहे की, त्यांचा आठ वर्षे जुना, सहा लिटरचा गॅस गीझर नळ सोडूनही पेटत नाही. पाण्याच्या दाबावर चालणारा स्विच गेला आहे असे सांगून कारागीर तो बदलण्याचे ९०० रुपये मागतो. दुकानदार ७,५०० रुपयांचा नवा गीझर सहा बिनव्याजी हप्त्यांत देऊ करतो, आणि मुलाचा आग्रह ९,५०० रुपयांच्या विजेच्या गीझरचा आहे.

बाई, माझे मत दुरुस्तीच्या बाजूचे आहे; मात्र ९०० रुपये देण्यापूर्वी दोष खरोखर स्विचचाच आहे का, हे तपासून घ्यावे. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतील रबरी डायफ्रॅम सरकतो, तो स्विच दाबतो, आणि त्यानंतर ठिणगी पडून गॅसचा मार्ग उघडतो. आपण सर्वांत वरच्या मजल्यावर राहता आणि सोसायटीत बोअरचे पाणी मिसळते, असे आपण लिहिले आहे. अशा ठिकाणी टाकीची उंची अपुरी असल्याने मुळातच दाब कमी मिळतो, शिवाय पाणी आत येते तिथली जाळी गाळाने आणि क्षाराने तुंबते, त्यामुळे चांगला स्विचही दाबला जात नाही. म्हणून आधी ठिणगी पाडणारे सेल बदलावेत, जाळी साफ करून घ्यावी आणि मगच स्विचला हात लावू द्यावा. तांब्याच्या नळ्यांवर हिरवट डाग किंवा गळती दिसली, तर मात्र जुन्या गीझरवर एक रुपयाही घालू नये.

स्विचच्या तारा थेट जोडून २०० रुपयांत काम भागवण्याची कारागिराची सूचना ऐकू नये. पाणी वाहत नसताना गॅस पेटू नये, यासाठीच तो स्विच बसवलेला असतो.

आता बिनव्याजी हप्त्यांविषयी. रोख दिल्यास ५०० रुपये सूट आहे, आणि हप्ते घेतल्यास करासह सुमारे २३५ रुपये प्रक्रिया शुल्क आहे, असे आपण कळवले आहे. म्हणजे ७,००० रुपयांच्या वस्तूसाठी आपण दरमहा १,२५० प्रमाणे ७,५०० आणि वर हे शुल्क भरणार; मुद्दल दर महिन्याला फिटत जाते हे लक्षात घेतले, तर हा दर वर्षाला सुमारे ३६ टक्के पडतो. ठेवीवर सात टक्के मिळाले तरी समाधान मानणाऱ्या आपण हे कर्ज का घ्यावे?

विजेच्या गीझरची किंमत दुकानात नव्हे, बिलात मोजावी. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धा युनिट वीज लागते. आपल्या बिलातील वरच्या टप्प्याच्या १२ रुपये दराने ते सहा रुपये झाले. त्याच कामाला सुमारे ४५ ग्रॅम गॅस लागतो, आणि ८६० रुपयांच्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या हिशेबाने त्याचे पावणेतीन रुपयांच्या आसपास होतात. घरात रोज चार बादल्या लागत असतील, तर फरक दिवसाला तेरा रुपये, महिन्याला जवळपास चारशे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी आपोआपच कोमट असते, ते महिने वगळूनही ९०० रुपयांची दुरुस्ती एका हिवाळ्यात वसूल होते.

या सगळ्या हिशेबाला एक अपवाद आहे. गीझर बंद न्हाणीघरात बसवलेला असेल आणि बाहेरच्या हवेची सोय नसेल, तर तिथे साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. तसे असल्यास मुलाचे म्हणणे मान्य करावे, आणि वीजबिलातील वाढ निमूटपणे सोसावी. गीझर बाल्कनीत असेल, तर स्विच बदलून घ्यावा, जुना भाग आणि बदललेल्या भागाच्या हमीसह पावती मागावी, आणि येत्या महिन्यापासून ५०० रुपयांचे आवर्ती खाते उघडावे, म्हणजे दीड वर्षाच्या आत नव्या गीझरची रक्कम हप्त्यांशिवाय हाताशी असेल.