करवाढ, करआकारणी की जकात?

प्रश्न असा विचारला गेला आहे : अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या उठावाविषयी मराठीत लिहिताना ‘करवाढीमुळे वसाहती पेटल्या’ असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर आहे काय? आणि चहावरील आकारणीला ‘कर’ म्हणावे की ‘जकात’?

‘करवाढ’ हा शब्द येथे टाळावा, असे माझे मत आहे. करवाढ म्हटले की आधीपासून चालत आलेल्या कराचा दर वाढला, असाच अर्थ वाचकाच्या मनात येतो. प्रत्यक्षात वादाच्या दोन मोठ्या प्रसंगी दर वाढला नव्हता, उलट भार हलका झाला होता. ब्रिटिशांखेरीज इतरांच्या वसाहतींतून येणाऱ्या मळीवर १७३३ पासून दर गॅलनला ६ पेन्स जकात होती. ती चोरट्या आयातीने बिनदिक्कत बुडवली जाई. सप्तवार्षिक युद्धाने कर्जबाजारी झालेल्या इंग्लंडने १७६४ मध्ये ती निम्म्यावर, म्हणजे ३ पेन्सांवर आणली, पण वसुली मात्र कडक केली आणि कायद्याच्या प्रास्ताविकातच महसूल उभारण्याचा हेतू नोंदवला. १७७३ च्या चहाच्या कायद्यानेही नवा कर बसवला नाही. ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत मिळू लागली, त्यामुळे तिचा चहा वसाहतींत पूर्वीपेक्षा स्वस्तात विकता येणार होता. वसाहतींच्या बंदरात १७६७ पासून चालू असलेली दर पौंड वजनामागे ३ पेन्सांची आकारणी तेवढी कायम राहिली. तो स्वस्त चहा घेणे म्हणजे ती आकारणी मान्य करणे, अशी विरोधकांची भूमिका होती, आणि १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. भांडण दराचे नव्हते, आकारणी करण्याच्या अधिकाराचे होते; म्हणून ‘करआकारणी’ हाच शब्द नेमका ठरतो.

आता ‘कर’ आणि ‘जकात’. आपल्याकडे जकात म्हणताच शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो (मुंबईतील जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली), परंतु बंदरात उतरणाऱ्या मालावरील आकारणीसाठीही हा शब्द मराठीत रुळलेला आहे. ‘सीमाशुल्क’ आजच्या कारभाराला ठीक आहे, अठराव्या शतकाच्या वर्णनात तो परका वाटतो. हे दोन शब्द अदलून बदलून वापरण्याची सवय मात्र घातक आहे, कारण खुद्द वादाचा एक मोठा भाग याच भेदावर उभा होता. १७६५ च्या मुद्रांक कायद्याने वृत्तपत्रे, न्यायालयीन कागदपत्रे, परवाने, इतकेच काय पण पत्त्यांचे जोड आणि फासे यांवरही आकारणी केली. हा निखळ अंतर्गत कर, म्हणजे वसाहतींच्या आतल्या व्यवहारांवरचा कर होता, आणि वसाहतींचा एकही प्रतिनिधी ब्रिटिश संसदेत नव्हता. फेब्रुवारी १७६६ मध्ये कॉमन्स सभागृहापुढे साक्ष देताना बेंजामिन फ्रँकलिन यांनी असा युक्तिवाद केला की, आयात मालावरील जकात किमतीत मिसळते आणि ती किंमत परवडत नसेल तर माल न घेण्याची मोकळीक माणसाला राहते. अंतर्गत कर मात्र संमतीवाचून उकळला जातो. पुढच्याच महिन्यात मुद्रांक कायदा रद्द झाला.

ब्रिटिश अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी या युक्तिवादाचा सोयीस्कर अर्थ लावला. जकातीला हरकत नसेल तर जकातच घ्या, अशा हिशेबाने १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर बंदरात आकारणी सुरू झाली. त्यावर पेनसिल्व्हेनिया वसाहतीतील वकील जॉन डिकिन्सन यांनी भेदाची रेषाच हलवली : आकारणी कुठे होते हे गौण आहे, व्यापाराच्या नियमनासाठी असेल ती जकात आणि महसुलासाठी असेल तो कर. मला हे उत्तर फ्रँकलिन यांच्यापेक्षा अधिक पक्के वाटते.

तेव्हा चहाच्या बाबतीत सुचवावेसे वाटते ते असे. वसुलीचे वर्णन करताना ‘चहावरील जकात’ लिहावे, आणि वसाहतीतील लोकांची तक्रार सांगताना ‘जकातीच्या रूपाने लादलेला कर’ असे म्हणावे. ‘खंडणी’ हा शब्द मात्र आणू नये, त्यात मांडलिकत्वाचा निराळाच अर्थ येतो. ब्रिटिश संसदेनेही शेवटी डिकिन्सन यांचीच विभागणी कायद्यात उतरवली : १७७८ मध्ये तिने महसुलासाठी वसाहतींवर आकारणी करण्याचे सोडून दिले आणि व्यापार-नियमनाची जकात तेवढी राखून ठेवली. तोवर युद्धाला तीन वर्षे होत आली होती आणि फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला होता.