वाचकांचे प्रश्न : बीटल्सच्या गाण्यातले स्वरमंडळ

प्रश्न : बीटल्सचे ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हे गाणे ऐकताना मधूनच स्वरमंडळावरून बोटे फिरवल्यासारखा आवाज येतो. आमच्या गावात तंतुवाद्ये तयार होतात, त्यामुळे हा नाद ओळखीचा वाटला. ते खरोखर स्वरमंडळ आहे का? आणि ही स्ट्रॉबेरीची शेते कुठली?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या कानांनी आपल्याला फसवलेले नाही. तो नाद स्वरमंडळाचाच असून ते बीटल्स या ब्रिटिश बँडमधला गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने वाजवले आहे. सप्टेंबर १९६६मध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आला होता, आणि गाण्याचे ध्वनिमुद्रण त्याच वर्षीच्या २४ नोव्हेंबरला लंडनमध्ये सुरू झाले.

शेतांचा मात्र इथे काही संबंध नाही. लिव्हरपूलच्या वुल्टन भागात ‘स्ट्रॉबेरी फील्ड’ नावाचा, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने चालवलेला मुलांचा आश्रम होता. मिमीमावशीकडे वाढलेला, बीटल्समधला गायक आणि या गाण्याचा कर्ता जॉन लेनन तिथून जवळच राहत असे, आश्रमाच्या बागेत मित्रांबरोबर हुंदडत असे आणि उन्हाळ्यातल्या जत्रेचा बँड वाजू लागला की तिथे जाण्यासाठी उतावीळ होत असे. पुढे १९६६च्या शरदात, एका चित्रपटात काम करण्यासाठी स्पेनमधील आल्मेरिया येथे असताना, चित्रीकरणातल्या रिकाम्या वेळात त्याने हे गाणे रचायला घेतले. त्या काळच्या नशेच्या प्रयोगांची छाया गाण्यावर आहेच. पण केवळ तेवढ्यावर बोट ठेवणाऱ्यांना त्यातला एकटा, आपण इतरांसारखे नाही हे उमगलेला मुलगा दिसत नाही, असे मला वाटते.

खरी गंमत ध्वनिमुद्रणात आहे. आधी मोजक्या वाद्यांवर एक सौम्य आवृत्ती झाली. तिच्या आरंभीचे बासरीसारखे सूर मेलोट्रॉन या, कळ दाबताच आत आधीच मुद्रित केलेली फीत वाजवणाऱ्या वाद्याचे आहेत. त्यावर लेननचे समाधान झाले नाही, म्हणून निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी ट्रम्पेट आणि चेलोंची योजना करून दुसरी, अधिक द्रुत आणि वरच्या पट्टीतली आवृत्ती तयार केली. मग लेननने पहिलीचा आरंभ आणि दुसरीचा शेवट एकत्र मागितला! लय निराळी, पट्टी निराळी, आणि आजच्यासारखी संगणकाची सोय नाही. मात्र फीत सावकाश फिरवली की लय मंदावते आणि सूरही उतरतो. या एकाच युक्तीने दोन्ही अडचणी जवळजवळ सुटल्या. २२ डिसेंबरला मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी फिती कापून जोडल्या. जोड साधारण पहिल्या मिनिटावर आहे, आणि त्यानंतर लेननचा आवाज जडावलेला, झोपेतल्यासारखा येतो तो या मंदावलेल्या फितीमुळे.

फेब्रुवारी १९६७मध्ये ‘पेनी लेन’ या बीटल्सच्याच गाण्यासोबत ही तबकडी निघाली, पण ब्रिटनमधल्या विक्रीच्या क्रमवारीत ती दुसऱ्या क्रमांकावरच थांबली. तिला पहिला क्रमांक मिळू न देणारा गायक एंगलबर्ट हम्परडिंक हा, योगायोगाने, मद्रासमध्ये जन्मलेला.

आता आपल्या स्वरमंडळाविषयी. ते दुसऱ्या आवृत्तीतच असल्याने त्याचा उतरता झंकार जोडानंतरच ऐकू येतो, आणि फितीबरोबर तेही मंदावले आहे. आपल्याकडचे स्वरमंडळ त्या गाण्याशी जुळवून पाहणार असाल, तर हॅरिसनने तारा लावल्या होत्या त्यापेक्षा थोड्या उतरवून लावाव्या लागतील.