पेनल्टी एवढ्या वाढल्या कशा, आणि चुकते कशी?

प्रश्न: दादा, आम्ही संध्याकाळी सड्यावर, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळावर, फुटबॉल खेळतो. मोठी पोरं म्हणतात हल्ली वर्ल्ड कप काय नि इंग्लंडची प्रीमिअर लीग काय, ऊठसूट पेनल्टी देतात, पूर्वी असं नव्हतं. खरंय का? आणि पेनल्टी म्हणजे गोल धरूनच चालायचं का? परवा आमच्यातल्या एकाने चुकवली तर सगळे त्याच्यावर तुटून पडले.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: वाढल्या हे खरंय. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये, शूटआउट (बरोबरी झाल्यावर निकालासाठी मारतात त्या) सोडून, 13 पेनल्टी मिळाल्या होत्या, 2018 ला थेट 29. मधे काय झालं तर व्हीएआर आलं, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय. डिफेंडर काही चार वर्षांत दुप्पट धसमुसळे झाले नाहीत, कॉर्नरच्या गर्दीत शर्ट ओढणं, हाताला बॉल लागणं आधीही चालायचंच, फक्त रेफरीच्या नजरेतून सुटायचं. 2018 ची फायनलच घ्या ना, क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला, रेफरीने आधी काहीच दिलं नव्हतं, मग कडेला जाऊन स्क्रीनवर बघितलं आणि ग्रीझमनने पेनल्टीवर फ्रान्सला 2-1 पुढे नेलं.

प्रीमिअर लीगमध्ये व्हीएआर 2019-20 ला आलं, 2020-21 मध्ये 125 पेनल्टी झाल्या. पुढच्या सीझनआधी रेफरींना सांगितलं की नुसता हलका स्पर्श झाला म्हणून पेनल्टी नको, हँडबॉलचा नियमही जरा सैल झाला, लगेच आकडा उतरला. म्हणजे खेळाडू तेच, शिट्टी कधी वाजवायची ते बदललं.

आता गोलचं. त्या 125 पैकी 102 गोलमध्ये गेल्या, 2018 च्या 29 पैकी 22. चार-पाचातली एक चुकतेच, आणि चुकवणारे कोण, तर त्याच 2018 मध्ये आइसलंडविरुद्ध मेस्सी, इराणविरुद्ध रोनाल्डो. 2022 च्या वर्ल्ड कपला इंग्लंडच्या केनने फ्रान्सविरुद्ध एक मारली आणि त्याच मॅचमधली दुसरी बारवरून घालवली, समोर गोलकीपर त्याचाच क्लबमधला साथीदार लोरिस. मग तुमच्या पोराला कशाला बोलायचं? उलट पुढची त्यालाच द्या, मला मनापासून वाटतं तसं.

एक मजेदार अभ्यास आहे, मोठ्या लीगमधल्या 286 पेनल्टींचा. साधारण 29 टक्के किक मधोमध गेल्या, पण गोलकीपर जागेवर थांबला फक्त 6 टक्के वेळा, कारण उभा राहून गोल खाल्ला की जास्त लाज वाटते. मधे मारायची हिंमत असेल तर मारा.

आणि सड्यावर अंतर पावलांनी मोजत असाल तर ते सोडा, टेपने 11 मीटर मोजून फक्कीने खूण करा, तिथली बारीक खडीही झाडून काढा, नाहीतर टेकवलेला पायच सरकतो. किक बसेपर्यंत गोलकीपरचा निदान एक पाय लाइनवर, हा 2019 पासूनचा नियम, तो पुढे आला आणि अडवली तर पेनल्टी परत मारायची.