'होऊन जाईल काका'

एका ताईंनी विचारलंय. त्या नुकत्याच सरपंच झाल्यात. 'दारात आलेल्या कोणालाच नाही म्हणता येत नाही. रात्री छाती धडधडते, झोप लागत नाही. मी या कामाच्या लायकीचीच नाही का?'

हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी गावच्या आशा सेविका आल्या, तलाठी आले, एक तरुण आमदारही आले. त्या आमदारांचीच गोष्ट सांगते, त्यांना विचारून. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

पस्तिशीच्या आतलं वय, पहिलीच टर्म. बायको रात्री साडेआठला घेऊन आली. कोणी पाहू नये म्हणून गाडी वळणावरच ठेवली होती. ईसीजी काढून झाला होता, त्यात काही नव्हतं. फोन त्यांनी टेबलावर पालथा ठेवला. तो थरथरला की त्यांच्या डाव्या हाताची बोटं आपोआप उचलायची. पाऊण तास मी ती बोटंच पाहत होते.

सकाळी सहापासून अंगणात माणसं. कोणाची डीपी, म्हणजे शेताला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, जळालेली, कोणाला शेतात जायचा पांदण रस्ता हवा, कोणाचा पीकविमा अडकलेला, कोणाच्या भाच्याची बदली. दुपारी तेरवी, संध्याकाळी लग्नं. घरी पोहोचेपर्यंत मुलगी झोपलेली. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात होतं. त्यांच्या पहिल्याच हिवाळी अधिवेशनासाठी त्यांनी रात्र रात्र बसून तयारी केली होती. विषय होता हमीभावाच्या खरेदीतली 12 टक्के ओलाव्याची अट आणि त्यापायी परत जाणारं सोयाबीन. पण लक्षवेधी, म्हणजे सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, लागलीच नाही. गावात आल्यावर पहिलं वाक्य ऐकलं, "टीव्हीवर दिसले नाही भाऊ."

पण झोप याने उडाली नव्हती. ते दुसऱ्या भेटीत कळलं.

एका काकांच्या शेतावरची डीपी जळाली होती. हरभरा ऐन घाटे भरायच्या वेळेला. काका तीनदा आले, तीनदा यांनी सांगितलं, "होऊन जाईल काका." हरभरा वाळला. पुढे एका तेरवीत तेच काका वाढायला होते. यांच्या पानात त्यांनी भाजी वाढली, पाणी ठेवलं आणि काही न बोलता पुढे गेले.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मॅडम."

मी म्हटलं, आता मी तो काका. "भाऊ, डीपीचं काय झालं?"

"होऊन जाईल काका."

"कधी?"

ते गप्प. थोड्या वेळाने म्हणाले, "पंधरा दिवस तरी मिळणार नाही, हे इंजिनिअरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग काकांना का नाही सांगितलं?"

"तोंड पाहून हिंमतच झाली नाही."

मला यात लबाडी दिसली नाही. माया होती, आणि भीती. घटनेने आमदार व्हायला 25 वर्षं पुरेशी धरली आहेत. पण निवडणुकीच्या काळात सगळ्यांना हो म्हणत फिरलेल्या माणसाला त्यानंतर नाही म्हणायला कोणीच शिकवत नाही. आणि 'होऊन जाईल' ऐकून गेलेला माणूस त्या शब्दावर आपलं पीक ठेवतो.

आम्ही एक साधी वही केली. नाव, काम, ते कोणाच्या हातात आहे, आणि मी कोणत्या तारखेला उत्तर देणार. वीज, रस्ता, विमा यातलं बरंचसं आमदाराच्या थेट हातात नसतं. तो पत्र देऊ शकतो, पाठपुरावा करू शकतो, सभागृहात विचारू शकतो. तेवढंच बोलायचं. महिनाभर 'होऊन जाईल' हा शब्द बंद. रात्री अकरानंतर फोन सहायकाकडे, अपघात-दवाखान्याचा असेल तरच उठवायचं.

पहिला आठवडा फार वाईट गेला. "मत मांगाले आल्ते तवा तं लय गोड बोलत होते," असं म्हणून एक जण उठून गेला. त्या रात्री ते अजिबात झोपले नाहीत. तिसऱ्या आठवड्यापासून धडधड कमी झाली.

ताई, लायकीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, वहीपासून सुरू करा. दोन आठवड्यांहून जास्त झोप नसेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. 14416 या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

मधे एकदा ते त्या काकांच्या घरी गेले. माझं चुकलं म्हणाले, पंधरा दिवसांचं मला माहीत होतं, हेही सांगितलं. काका बराच वेळ तंबाखू मळत बसले.

"मंग तवाच सांगाचं होतं ना पोरा. डिझेल इंजन भाड्यानं आनलं असतं म्या."

या हंगामात ती डीपी पुन्हा जळाली. त्यांनी त्याच संध्याकाळी काकांना फोन केला, "बारा दिवस लागतील." दुसऱ्या दिवशी काकांच्या विहिरीवर इंजिन लागलं.