गॅदरिंगचा ड्रेस, दिंडीचा परकर आणि घरचा हिशेब

आषाढीची दिंडी, दहीहंडी, भोंडला, नाताळ, गॅदरिंग, शिवजयंती. शाळेतल्या सणांचा खर्च फीच्या पावतीवर दिसत नाही. दोनशे-तीनशे करत तो जातो आणि बहुतेक वेळा आदल्या रात्री आलेल्या व्हॉट्सॲपच्या निरोपामुळे वाढतो. घाईत घेतलेली वस्तू महागच पडते.

प्रश्न : तिसरीतल्या मुलीच्या गॅदरिंगसाठी तीन दिवसांत 900 रुपये भरा, असा निरोप आला आहे. भरावेच लागतात का? (पालक, नाशिक)

रक्कम कशाची, हे आधी लेखी विचारा. त्यात सभागृह, ध्वनी-प्रकाश, मंडप यांचा वाटा असेल तर तो शाळेच्या शुल्काचा विषय झाला. खासगी शाळांचे शुल्क 2011 च्या महाराष्ट्र शुल्क विनियमन कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे यावे लागते. सत्र शुल्क घेतले जाते तेच मुळी सहशालेय उपक्रमांसाठी. ते भरले असेल तर त्याच कामाला पुन्हा वर्गणी कशाची, हे विचारायलाच हवे. समितीवर आपल्या इयत्तेचा पालक-प्रतिनिधी असतो; त्याच्यामार्फत विचारा. वर्गशिक्षिकेला एकटीला धारेवर धरू नका, रक्कम सहसा तिने ठरवलेली नसते.

पैसे ड्रेसच्या भाड्याचे असतील तर भाडे किती, अनामत किती आणि ड्रेस परत कधी करायचा, हे तीन आकडे वेगळे मागा. अनामत कापली जाते ती बहुधा हरवलेला बाजूबंद, तुटलेला हूक किंवा गळ्यावरचा मेकअपचा डाग यांमुळे. ड्रेस हाती येताच नग मोजा, फोटो काढा. मेकअप करताना गळ्याभोवती जुना पंचा गुंडाळा. आणि नवा रंग चेहऱ्यावर लावण्याआधी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली तर तो वापरू नका.

प्रश्न : सात वर्षांच्या नातीला दिंडीसाठी नऊवारी हवी आहे. तयार नऊवारी महाग आहे. घरी शिवता येईल का? (आजी, सातारा)

आजी, या वयाला परकर-पोलकेच घाला. दिंडीत ते तितकेच शोभते आणि चालताना पायात येत नाही. एका जुन्या साडेपाच मीटर साडीत दोन मुलींचे परकर होतात, शेजारच्या मुलीचाही करा.

पदराचा अर्धा मीटर बाजूला काढा. उरलेल्या पाच मीटरचे अडीच-अडीच मीटरचे दोन तुकडे करा. खालच्या काठापासून 72 सेंटीमीटर मोजून लांबीच्या दिशेने कापा. नातीची कंबर ते घोट्याच्या चार बोटे वर ही उंची साधारण 60 सेंटीमीटर भरेल, नेफ्याला 4 आणि उरलेले 8 आतल्या दुमडीला. ही दुमड टाकायला विसरू नका. मूल वाढेल तशी ती उसवायची, म्हणजे तोच परकर आणखी दोन वर्षे चालतो. काठाची बाजू वर घेऊन कापणे ही नेहमीची चूक आहे, मग परकराला काठच राहत नाही. साडी 110 सेंटीमीटर पन्ह्याची असेल तर वरची 38 सेंटीमीटरची पट्टी उरते. तिच्यात पोलके बसते.

नेफ्यात इलॅस्टिकऐवजी नाडी घाला. आषाढात पाऊस असतोच आणि भिजलेले सुती कापड जड होऊन इलॅस्टिक खाली ओढते. तुळस डोक्यावर द्यायची असेल तर कुंडी नको. हलक्या डब्यात चार मंजिऱ्या आणि खाली पदराच्या कापडाची चुंबळ पुरे.

प्रश्न : मुलगा आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागेवर) दुसरीत आहे. ड्रेसचे पैसे दिले नाहीत म्हणून त्याला नाचातून काढले. (पालक, पुणे)

हे चुकीचेच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 खालील नियमांनुसार या मुलांना अवांतर उपक्रम आणि खेळांतही वेगळी वागणूक देता येत नाही. मुख्याध्यापकांना दोन प्रतींत अर्ज द्या. त्यात तारीख, नाचाचे नाव आणि मागितलेली रक्कम लिहा, एका प्रतीवर पोच घ्या. तालीम सुरू असतानाच हे करा, कार्यक्रम झाल्यावर त्याला त्याचा नाच परत मिळणार नाही. दाद लागली नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जा.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. 32 मुलांचा कोळीनाच बसवतेय. पालकांवर भार न टाकता तो कसा होईल? (रत्नागिरी)

मुलांचेच पांढरे बनियन किंवा शर्ट आणि वर तिकोनी रुमाल. 90 सेंटीमीटर पन्ह्याच्या सुती कापडाचे 90 बाय 90 चे चौकोन कर्णावर कापले की एकातून दोन रुमाल निघतात. 32 मुलांना 16 चौकोन, म्हणजे 14.4 मीटर, 15 मीटर घ्या. मीटरला 80 रुपये धरले तर 1200 रुपये, मुलामागे 37 रुपये 50 पैसे. हाच नाच मुलामागे 700 च्या भाड्याने केला तर 22,400 होतात. कर्णाचा काप उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका असल्याने कमरेला बांधताना ताणतो आणि सुटतो, म्हणून त्या कडेला आधीच पट्टी मारून घ्या.

नाच संपल्यावर रुमाल घरी देऊ नका, धुऊन शाळेच्या पेटीत ठेवा. टोप्या, शेले, फेटे, टाळ असे दरवर्षी थोडे जमले की पाचव्या वर्षी निम्मे नाच पेटीतूनच उभे राहतात. जरीचे कापड जुन्या मलमलीत गुंडाळा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला.

आणि जूनच्या पहिल्या पालकसभेत वर्षभराचे एक पान वाटा: कोणता सण, काय लागेल, जास्तीत जास्त किती रुपये. ‘ड्रेस कोणाला जमेल, हात वर करा’ असे वर्गात कधीही विचारू नका. न उचललेला हात सगळा वर्ग पाहतो.

प्रश्न : कार्यक्रमाच्या व्हिडिओचा पेन ड्राइव्ह घ्यावाच लागेल, असे सांगतात. (पालक, ठाणे)

ही वस्तूची विक्री आहे. नको असेल तर वर्गशिक्षिकेला तसे लिहून कळवा. पाच-सहा पालकांनी मिळून एकच घेतला तरी चालतो.