रोख मदत राज्याराज्यांत वेगळी का?

प्रश्न : अमेरिकेत गरीब कुटुंबांना मिळणारी रोख मदत राज्यागणिक इतकी कमी-जास्त कशी? यात वंशाचा संबंध कुठे येतो?

उत्तर : कायद्याच्या शब्दांत तो दिसत नाही, रचनेत दिसतो. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने मदतीची रक्कम आणि बरीचशी पात्रता ठरवण्याची मोकळीक राज्यांना दिली. दक्षिणेत तिचा वापर कृष्णवर्णीय मातांना वगळण्यासाठी झाला. अलाबामात आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध आहेत एवढ्यावरून मुलांची मदत तोडली जाई. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम १९६८ मध्ये रद्द केला, तोवर असंख्य मुलांची मदत तुटली होती.

पुढे १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन (नंतरचे राष्ट्राध्यक्ष) यांनी मदत लाटणाऱ्या शिकागोच्या बाईची गोष्ट गावोगाव सांगितली. एका फसवणुकीवरून सगळ्या गरीब आयांवर शिक्का बसला, आणि लोकांच्या मनात त्या चेहऱ्याचा रंग काळाच होता.

१९९६ च्या कायद्याने मदतीचा हक्कच संपवला. केंद्र राज्यांना वर्षाला सुमारे १६.५ अब्ज डॉलर ठोक देतं. महागाईप्रमाणे त्यात वाढ नाही. केंद्राच्या पैशातून एका कुटुंबाला साधारण ६० महिनेच मदत मिळते. खरी मेख पुढेच आहे : राज्यं हा निधी रोख मदतीऐवजी इतर कामांकडेही वळवू शकतात. शिवाय रक्कमही राज्यंच ठरवतात : दक्षिणेतल्या मिसिसिपीत तिघांच्या कुटुंबाला २०२१ पर्यंत महिन्याला जास्तीत जास्त १७० डॉलर मिळत. मग ते २६० झाले. म्हणून एखाद्या राज्याची तरतूद वाचताना एकूण निधी पाहू नका, त्यातले किती डॉलर थेट कुटुंबाच्या हाती पडले ते पाहा.